घरात कॅमेरा आहे का? जपानी माणसाचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही

कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म, पॅनासॉनिक, रिको, ऑलिम्पस ही सगळी मंडळी एकाच देशातली, तेव्हा तिथल्या लोकांकडे तर कपाटं भरून कॅमेरे असणार असं आपण धरूनच चालतो. मग कुठेतरी वाचायला मिळतं की जपानमध्ये घरोघरचे डिजिटल कॅमेरे कमी होत चाललेत, आणि दोन महिन्यांनी वाचायला मिळतं की तिथे कॅमेरा विकत घ्यायला लॉटरी लावावी लागतेय. आता यातलं खरं काय? तर दोन्ही खरं आहे. फक्त दोन्ही बातम्या वेगवेगळ्या माणसांबद्दल आहेत, आणि हेच नीट कोणी सांगत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं, मला या विषयाचं थोडं वेडही आहे.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू, कारण या विषयावर निम्मे गैरसमज तिथेच होतात. जपानमध्ये कॅमेरा उत्पादकांची एक संघटना आहे, सिपा म्हणतात तिला, ती दर महिन्याला सांगते की कारखान्यांतून किती कॅमेरे बाहेर पडले. हे झालं शिपमेंट, आणि ते जगभरचं असतं, म्हणजे कॅमेरा पुण्यात विकला गेला तरी तो त्यात येतो. दुसरं म्हणजे दुकानांची विक्री, योदोबाशी किंवा बिक कॅमेरासारख्या मोठ्या दुकानांच्या गल्ल्यावर काय खपलं ते. आणि तिसरं, जे आपल्या कामाचं आहे ते, म्हणजे मालकी. जपान सरकारचं मंत्रिमंडळ कार्यालय ग्राहकांचा कल बघायला एक सर्व्हे करतं, साधारण ८,४०० घरांचा, आणि त्यात दर मार्चमध्ये विचारतं की घरात काय काय आहे, एसी आहे का, गाडी आहे का, टीव्ही किती, डिजिटल कॅमेरा किती. फोनमधला कॅमेरा यात धरत नाहीत, वेगळा कॅमेराच हवा.

या तिसऱ्या आकड्याची गंमत अशी की तो फार सावकाश हलतो. आपल्याकडे बघा ना, कितीतरी घरांत आजीचं शिवणयंत्र असतं, कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेलं, त्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवतात. कोणी विचारलं आहे का तर आहे, शेवटचं कधी चालवलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. तसंच खणात पडलेला, बॅटरी फुगलेला, चार्जर हरवलेला कॅमेराही सर्व्हेत 'आहे' म्हणूनच मोजला जातो. त्यामुळे दुकानातली विक्री कोसळली तरी मालकीचा आकडा बरीच वर्षं तसाच दिमाखात उभा राहतो, आणि मग एक दिवस घर बदलताना, साफसफाई करताना लोक ते खण रिकामे करतात तेव्हा कुठे तो घसरतो. २०१२-१३ च्या सुमाराला दोन किंवा जास्त माणसांच्या घरांपैकी चारातल्या जवळपास तीन घरांत डिजिटल कॅमेरा होता. त्यानंतर घसरण सुरू झाली ती थांबली नाही, हळूहळू निम्म्याच्या दिशेने चाललीये. आणि ही 'दोन किंवा जास्त माणसांची घरं' ही अटही लक्षात ठेवा, कारण २०२० च्या जनगणनेत जपानमधली ३८ टक्के घरं एकट्या माणसाची निघाली. एकटा माणूस आणि कुटुंब, यांचं कॅमेऱ्याशी नातंच वेगळं असतं, ते पुढे येईलच.

आता हा कॅमेरा घरात शिरला कसा ते बघू. १९९५ साली कॅसिओने क्यूव्ही-१० नावाचा कॅमेरा काढला, किंमत ६५,००० येन, आणि रिझोल्यूशन ऐकाल तर हसाल, अडीच लाख पिक्सेल, म्हणजे पाव मेगापिक्सेल. फोटो म्हणून तो टुकारच होता. पण मागे १.८ इंचाचा रंगीत स्क्रीन होता, फोटो काढला की तिथल्या तिथे बघायचा, नाही आवडला तर उडवायचा. आज यात काहीच वाटत नाही, पण तोवर फोटो म्हणजे रोल संपवा, धुवायला टाका, वाट बघा, आणि मग कळतं की काकांचे डोळे मिटलेत. त्याच वर्षी विंडोज ९५ आलं, घरात कॉम्प्युटर यायला लागले, फोटो त्यात टाकता यायला लागले, आणि गाडी सुटली ती सुटलीच. जपानी लोकांना लांब शब्द तोडून जोडायची खोड आहेच, डिजिटल कॅमेराचं झालं देजिकामे, कॉम्पॅक्ट डिजिटलचं झालं कोन्देजी. मजा म्हणजे देजिकामे हा शब्द सान्यो कंपनीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवला होता, त्यामुळे सगळा देश देजिकामे म्हणायचा आणि बाकीच्या कंपन्या जाहिरातीत मुकाट्याने पूर्ण 'डिजिटल कॅमेरा' लिहायच्या.

पण यंत्र चांगलं होतं म्हणून ते घरोघरी गेलं हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं कारण जपानी कुटुंबाच्या कॅलेंडरमध्ये आहे. तिथे मुलाचं बालपण हे जवळजवळ फोटोंच्या तारखांवर बांधलेलं असतं. नोव्हेंबरमध्ये शिचि-गो-सान, म्हणजे तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना किमोनो घालून देवळात नेतात. एप्रिलमध्ये शाळेत प्रवेशाचा समारंभ, गेटवरच्या पाटीशेजारी उभं करून फोटो. मार्चमध्ये निरोपाचा समारंभ. मधे उन्दोकाई, म्हणजे शाळेचा क्रीडामहोत्सव, ज्याला आईवडील डबे घेऊन जातात आणि चांगली जागा मिळावी म्हणून बापलोक पहाटेपासून रांगेत उभे राहिल्याच्या गोष्टी सांगतात. आणि वर्षाच्या शेवटी नेंगाजो, नववर्षाची पोस्टकार्डं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे ते त्या वर्षीचा मुलाचा फोटो कार्डावर छापून सगळ्या नातेवाइकांना आणि ऑफिसातल्यांना पाठवायचे. म्हणजे कॅमेरा लागणार, कॉम्प्युटर लागणार, आणि घरचा प्रिंटर लागणार. डिसेंबरच्या बोनसवर या तिन्ही गोष्टी घ्यायच्या आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरातल्या एकाने रात्रभर बसून शंभर कार्डं छापायची, हा अनेक घरांतला ठरलेला कार्यक्रम होता.

मला विचाराल तर जपानी घरातल्या डिजिटल कॅमेऱ्याचं नशीब कळायला मेगापिक्सेलपेक्षा या पोस्टकार्डांकडे बघावं. २००४ च्या नववर्षासाठी तिथल्या पोस्टाने सुमारे ४४५ कोटी कार्डं काढली होती, तो उच्चांक. २०२५ च्या नववर्षासाठी काढली फक्त १०७ कोटी, आणि त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्डाची किंमत ६३ येनवरून ८५ येन झाली होती. आता तर लोक एकमेकांना शेवटचं कार्ड पाठवतात, त्यात नम्रपणे लिहितात की वय झालं, यापुढे पाठवणं थांबवतोय. कार्ड गेलं तसं ते कार्ड बनवायला लागणारं घरचं साहित्यही गेलं. दुसरं म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चालायचं ती मुलंच कमी झाली, २०२४ मध्ये जपानमध्ये ७ लाखांपेक्षा कमी बाळं जन्मली, १९७३ मध्ये हाच आकडा २० लाखांवर होता. घरात मूल नसेल तर 'घरचा कॅमेरा' ही कल्पनाच लंगडी पडते, कारण तो कधी कुणा एकाचा नव्हताच, तो घराचा होता, जसा कुकर घराचा असतो.

मोबाईलने कॅमेरा मारला असं एका वाक्यात सांगतात ना, ते जपानच्या बाबतीत जरा जपून घ्यायला हवं. कारण फोनमध्ये कॅमेरा सगळ्यात आधी तिथेच रुळला. नोव्हेंबर २००० मध्ये शार्पने बनवलेला, जे-फोन या मोबाइल कंपनीचा जे-एसएच०४ आला, १ लाख १० हजार पिक्सेलचा कॅमेरा आणि फोटो मेलने पाठवायची सोय. त्याला शामेल म्हणायला लागले, पुढे शामे, आणि हा शब्द इतका मुरला की चाळिशी-पन्नाशीतले लोक आजही फोनवरच्या फोटोला शामे म्हणतात आणि पोरं त्यांना हसतात. आता गंमत बघा, खिशात कॅमेरा २००० सालीच आला होता, तरी पुढची दहा वर्षं वेगळे डिजिटल कॅमेरे वाढतच गेले. म्हणजे लोकांनी डोक्यात सरळ वाटणी केली होती की जेवणाचं ताट, नवीन केस कापले, रस्त्यात मांजर दिसलं, ते फोनवर. सहल, लग्न, शाळेचा समारंभ, ते कॅमेऱ्यावर. फोनचा फोटो हा बोलण्याचा भाग होता, कॅमेऱ्याचा फोटो ठेवण्याचा.

ही वाटणी मोडली ती स्मार्टफोनने. जुलै २००८ मध्ये आयफोन ३जी जपानमध्ये आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत फोनवरचा फोटो 'ठेवण्याइतका' चांगला झाला. सिपाचा आकडा बघा, २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, त्यातले जवळपास १०.८ कोटी छोटे, लेन्स न बदलणारे. २०२३ मध्ये सगळे मिळून ७७ लाख. कोटी नाही, लाख. एवढी मोठी आपटी फार कमी धंद्यांनी खाल्ली असेल, आणि आपटी खाणाऱ्या बहुतेक सगळ्या कंपन्या जपानी. ज्या कॅसिओने स्क्रीनवाला कॅमेरा घरात आणला तिने २०१८ मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना रामराम केला, ऑलिम्पसने २०२१ च्या जानेवारीत आपला कॅमेऱ्याचा धंदाच विकून टाकला.

तरीही एक जागा अशी आहे जिथे फोन अजून हरतो, आणि ती जागा म्हणजे शाळेचं मैदान. माझी मावसबहीण टोकियोच्या निशि-कासाईत राहते, तिथे आपली माणसं भरपूर आहेत, मराठी गणपती वगैरे सगळं असतं. तिचा मुलगा पहिलीत गेला तेव्हा उन्दोकाईला ती फोन घेऊन गेली. नंतर मला म्हणाली, "अरे, सगळ्या पोरांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या, पांढऱ्या नाहीतर लाल, मैदान एवढं मोठं, मी झूम करून करून फोटो काढले आणि घरी येऊन बघितलं तर तो आपला पोरगाच नव्हे." पुढच्या वर्षी तिने लांब लेन्सचा जुना कॅमेरा घेतला. हेच जपानी आईबापांचं अनेक वर्षांचं शहाणपण आहे. कॅननने १९९३ मध्ये ईओएस किस नावाने फिल्मचा कॅमेरा काढला तो थेट आयांना डोळ्यासमोर ठेवून, हलका, सोपा. २००३ मध्ये त्याचा डिजिटल अवतार आला आणि दोन लेन्स एका खोक्यात, एक जवळची एक लांबची, असा जोड घेऊन लाखो घरांत गेला. हे नाव जपानपुरतंच बरं का, अमेरिकेत हाच कॅमेरा रिबेल म्हणून विकायचे, तिकडे बंडखोर आणि इकडे आईची पप्पी, विक्री खात्यातल्या लोकांना देश बरोबर कळतो म्हणायचा. २०२३ मध्ये त्याच जागेवर आर५० आला तेव्हा त्याच्या नावात किस नव्हतं.

या आईबाप वर्गाची कॅमेऱ्याबद्दलची भावना मला फार प्रामाणिक वाटते. त्यांना फोटोग्राफीत रस नसतो, मुलात असतो. मूल बालवाडीत गेलं की कॅमेरा घेतात, वर्षातून आठ-दहा दिवस वापरतात, आणि मूल सातवी-आठवीत गेलं, फोटो काढू देईनासं झालं, की कॅमेरा खणात. आता तर बरेच जण विकत घेतच नाहीत, उन्दोकाईच्या आठवड्यापुरता भाड्याने मागवतात, कुरियरने येतो कुरियरने जातो. मालकीच्या सर्व्हेत अशा घराचं उत्तर 'नाही', पण त्या शनिवारी त्या बाईच्या गळ्यात अख्ख्या मैदानातली लांबात लांब लेन्स असू शकते. सर्व्हे खोटा नाही, त्याला विचारलंच तेवढं जातं.

याच्या अगदी उलट टोकाला छंदवाले. यांच्याकडे कॅमेरा 'आहे का' विचारायचं नाही, 'किती' विचारायचं. जपानीत यांच्या अवस्थेला शब्दच आहे, रेन्झु-नुमा, म्हणजे लेन्सची दलदल, एकदा पाय पडला की माणूस खाली खालीच जातो, आणि लोक हे अभिमानाने सांगतात की मी दलदलीत आहे. यात रिटायर झालेले आजोबा येतात, डोंगर, पक्षी, साकुरा म्हणजे चेरीची फुलं काढणारे, आणि तोरितेत्सु येतात, म्हणजे रेल्वेचे फोटो काढणारे, जे एखाद्या इंजिनाच्या शेवटच्या फेरीसाठी फलाटावर शिड्या लावून बसतात आणि त्यावरून भांडणं होऊन बातम्या येतात. २०१० च्या आसपास यात बायका मोठ्या संख्येने आल्या, 'कामेरा जोशी' म्हणजे कॅमेरावाल्या मुली अशी लाटच आली, २००८ मध्ये पॅनासॉनिकने आरशाशिवायचा जी१ काढला, २००९ मध्ये ऑलिम्पसने आपल्या 'पेन' नावाच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या रूपात डिजिटल पेन काढला, आणि कॅमेरा पहिल्यांदाच पर्समध्ये शोभेल अशी वस्तू झाला. आरसा म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो, जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात, लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर डोळ्याकडे जायचा आणि बटण दाबलं की आरसा फाटकन वर उडायचा. मिररलेसमध्ये तो आरसाच काढला, सरळ सेन्सरचं, म्हणजे फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणाऱ्या चकतीचं, चित्र स्क्रीनवर, म्हणून अंग लहान झालं. २०२० मध्ये सिपाच्या आकड्यांत मिररलेसने एसएलआरला मागे टाकलं आणि मग मागे वळून बघितलं नाही.

छंदवाल्यांची एक सवय आपण शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे कॅमेरा हा पुढच्या मालकासाठी सांभाळायचा. खोकं फेकत नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा घडी करून ठेवतात, कारण सेकंडहँड बाजार तिथे जबरदस्त आहे, टोकियोतल्या शिंजुकूच्या मॅप कॅमेरासारख्या दुकानांत किंवा कितामुराच्या शाखांत वापरलेल्या कॅमेऱ्याला तपासून दर्जा देतात, कुठे ओरखडा आहे, लेन्समध्ये धुळीचा कण आहे का, सगळं लिहून. त्यामुळे कॅमेरा घेणं म्हणजे पैसे उडवणं असं त्यांना वाटत नाही, सोनं नसलं तरी मोडीत चांगला भाव येतो. आणि जूनचा पाऊस तिथेही दमट असतो, म्हणून बोशित्सुको नावाचं हवेतला ओलावा शोषणारं छोटं कपाट घरात ठेवतात. हे वाचल्यावर मुंबई-कोकणातल्या लोकांनी उसासा टाकावा, आमच्या घरची एक चांगली ५० एमएम लेन्स दोन पावसाळ्यांत बुरशीने खाल्ली, मी ती तांदळाच्या डब्यात ठेवत होतो आणि शहाणा समजत होतो स्वतःला.

आता येऊ तरुणांकडे, कारण लॉटरीच्या आणि रांगांच्या बातम्यांमागे मोठ्या प्रमाणावर हेच आहेत. २००० नंतर जन्मलेल्या पोरांनी घरचा कोन्देजी बघितला तो लहानपणी, स्वतःवर रोखलेला. हातात आला तो फोनच. म्हणजे त्यांच्यासाठी वेगळा कॅमेरा ही जुनी गोष्ट नाही, नवी गोष्ट आहे. आधी त्यांनी फुजीचा उत्सुरुन्देसु उचलला, हा १९८६ मधला, एकदा वापरून दुकानात परत द्यायचा फिल्मचा डबा. फोटो कसा आलाय ते दिवसभर कळत नाही यातच त्यांना मजा वाटली, ज्या कटकटीतून सुटायला त्यांच्या आईबापांनी क्यूव्ही-१० घेतला होता नेमकी तीच कटकट. पण फिल्म वर्षागणिक महाग होत गेली, धुण्याचे पैसे वेगळे, आणि मग पोरांच्या लक्षात आलं की घरातल्या खणात २००५ चा कोन्देजी पडलाय आणि त्याचा फोटोही तसाच 'एमोई' येतो. एमोई म्हणजे आतून काहीतरी हलवणारं, हुरहूर लावणारं, आपल्या पोरांच्या भाषेत 'फील येतो'.

हा फील तांत्रिकदृष्ट्या काय आहे ते सांगतो, त्यात जादू नाही. आजचा फोन तुम्ही बटण दाबता तेव्हा एक फोटो काढत नाही, पटापट अनेक काढतो आणि त्यांची बेरीज करतो, सावल्या उजळतो, आकाश सांभाळतो, चेहरा गुळगुळीत करतो. म्हणून रात्रीचा फोटोही दुपारसारखा दिसतो, आणि सगळ्यांचे फोटो एकमेकांसारखे दिसतात. जुना कोन्देजी बिचारा एकच काढतो. फ्लॅश थेट तोंडावर मारतो, मागचं सगळं काळं करतो, पांढरं जरा जास्तच पांढरं होतं, कडा मऊ राहतात. तांत्रिक भाषेत हे सगळे दोष. पण त्या दोषांमुळेच तो फोटो 'त्या रात्रीचा' वाटतो, कारण डोळ्यालाही ती रात्र अंधारीच दिसली होती. यावर खूप सुंदर सुंदर लेख येतात की सीसीडी सेन्सरमध्ये, म्हणजे या जुन्या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरमध्ये, काही खास रंग असतो वगैरे, माझं मत विचाराल तर निम्मं श्रेय थेट फ्लॅशला द्यावं.

यामुळे हार्ड-ऑफसारख्या जुन्या सामानाच्या दुकानांतल्या 'जंक' टोपल्या, जिथे चालेल की नाही याची हमी नाही असे कॅमेरे कवडीमोलाने पडलेले असायचे, त्या पोरं उपसायला लागली. यातही शहाणपण लागतं बरं, कारण जुन्या ऑलिम्पस आणि फुजीला एक्सडी नावाचं कार्ड लागतं जे आता सहज मिळत नाही, जुन्या सोनीला मेमरी स्टिक, आणि फार जुन्या एसडीवाल्याला २ जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखताच येत नाही. कॅमेरा स्वस्त आणि कार्ड महाग अशी उलटी गत. कंपन्यांनीही वारं ओळखलं. सिपाच्या आकड्यांत छोटे कॅमेरे २०२४ मध्ये वाढून सुमारे १९ लाख झाले, २०१० च्या समोर ते चिल्लरच, पण इतकी वर्षं फक्त खाली जाणारी रेघ वर वळली याला महत्त्व आहे. कॅननने तर २०१६ चा आयएक्सवाय ६५० जवळपास जसाच्या तसा, नावापुढे एक एम लावून, २०२५ मध्ये परत बाजारात आणला. नऊ वर्षांपूर्वीचा माल नवा म्हणून, आणि लोक खूश.

लॉटरी लागते ती याच्या वरच्या मजल्यावर. फुजीचा एक्स१००व्हीआय, म्हणजे त्या मालिकेतला सहावा, २०२४ च्या फेब्रुवारीत आला, जगभर मागणी इतकी की माल पुरेना, त्याची कंपनीच्या ९० व्या वर्षाची खास आवृत्ती १,९३४ नगांचीच होती कारण कंपनी १९३४ ची, आणि ती जपानमध्ये सोडतीनेच विकली. रिकोच्या जीआर मालिकेचीही तीच कथा. आता हे कॅमेरे घेणारे सगळे तरुण नाहीत, जपानबाहेरचेही पुष्कळ आहेत, येन स्वस्त झाल्यावर पर्यटकांनी शिंजुकूची दुकानं धुऊन काढली. जाता जाता एक उपयोगी गोष्ट, तिथून सोनीचा कॅमेरा आणायचा विचार असेल तर थांबा, सोनीच्या जपानसाठीच्या बहुतेक मॉडेलांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो, बदलता येत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून नाचत येणारे बरेच जण घरी येऊन डोकं धरून बसतात.

एक गोष्ट मात्र जपानमधल्या जवळजवळ प्रत्येक वयाच्या माणसाला लागू होते, ती म्हणजे कॅमेरा दुसऱ्यावर रोखण्याबद्दलचा संकोच. तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनचा शटरचा आवाज बंद करता येत नाही, असा कायदा नाही, कंपन्यांनी चोरून फोटो काढण्याचे प्रकार रोखायला आपणहून लावून घेतलेला नियम आहे. वेगळ्या कॅमेऱ्याला तो लागू नाही, मिररलेस तर पूर्ण मुका चालतो. त्यामुळे शांत कॅफेत, झोपलेल्या बाळाजवळ, मैफिलीत कॅमेरा सोयीचा, पण रस्त्यावर तोच कॅमेरा हातात असला की लोक जास्त सावध होतात. २०२० मध्ये फुजीने एक्स१००व्हीच्या, म्हणजे आधीच्या मॉडेलच्या, प्रचारासाठी एका रस्त्यावरच्या फोटोग्राफरचा व्हिडिओ टाकला होता, अनोळखी लोकांच्या तोंडासमोर अचानक कॅमेरा धरण्याची त्याची पद्धत बघून एवढी ओरड झाली की कंपनीने तो काढून टाकला. म्हणून तरुणांच्या कोन्देजी फोटोंत बघा, मित्र असतात, जेवण असतं, रेल्वेचं फाटक असतं, अनोळखी चेहरे फारसे नसतात.

आणि फोटो ठेवण्याबद्दलची त्यांची भावना कळायची असेल तर २०११ कडे बघावं लागतं. ११ मार्चच्या त्सुनामीनंतर चिखलातून लोकांनी शोधलं काय, तर अल्बम. सैनिक आणि स्वयंसेवक ढिगाऱ्यातून मिळालेले फोटो जमा करत गेले, फुजीफिल्मने ओले फोटो कसे धुवायचे, कसे वाळवायचे ते शिकवलं, हात लावले. रिकोने धुतलेले ४ लाखांवर फोटो स्कॅन करून ठेवले म्हणजे लोकांना येऊन आपापले शोधता यावेत, आणि त्यातले हजारो परत गेले. कॅमेरे कोणी शोधत बसलं नाही.

अरे हो, कॅननच्या नावाची एक गोष्ट सांगायची राहिली. १९३४ मध्ये त्यांनी जो पहिला नमुना केला त्याचं नाव क्वानॉन, जपानच्या करुणादेवी कान्नोनवरून, आणि खुणेत ती हजार हातांची. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वरच, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व, जो अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरून उभा आहे आणि कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात अकरा डोक्यांचा आहे. नावाचा अर्थच बघणारा, वरून खाली जगाकडे बघणारा. लेण्यात फोटो काढताना फ्लॅश मारू नका एवढंच.

तर पुन्हा त्या मार्चच्या सर्व्हेकडे. समजा टोकियोशेजारच्या सैतामातलं एक घर आहे, बाप पन्नाशीचा, आई, विशीतली मुलगी. २००६ मध्ये मुलगी लहान असताना घेतलेला चंदेरी कोन्देजी तेव्हा टीव्हीखालच्या खणात असायचा, शिचि-गो-सानला निघायचा, डिसेंबरात कार्डासाठी निघायचा, मग दहा वर्षं निघालाच नाही. आता तो मुलीच्या बॅगेत असतो, पट्ट्याला कसलंतरी फरचं बाहुलं लटकवलेलं, आणि बाप जेवताना समोर दिसला की ती त्याच्या तोंडावर फ्लॅश मारते. सर्व्हेचा कागद आला की बाप भिंगाचा चष्मा लावून भरायला बसतो. डिजिटल कॅमेरा, आहे की नाही, किती. २००८ मध्ये कागद आला असता तर त्याने लिहिलं असतं १, २०१६ मध्ये लिहिलं असतं १, आणि आत्ताही तो लिहितो १.